तार येते कुठनं?

धंद्यासाठी इंटरनेट घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो, सांगा बघू. "स्पीड किती?" हळदीचा अडत्या असो, दातांचा डॉक्टर असो नाहीतर पतसंस्थेचा मॅनेजर, सगळे एकाच मास्तरांकडे शिकल्यासारखे हेच विचारतात. माझं नोकरीचं सगळं आयुष्य सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत दुकानांना, दवाखान्यांना, कारखान्यांना इंटरनेटची लाइन देण्यात गेलं. आधी स्कूटीवरून फिरले, गुडघ्यांनी संप पुकारल्यावर कंपनीच्या जीपमधून. कुठल्या साली कुठलं पद मिळालं ते इथे लिहीत बसत नाही, ते आमच्या घरीसुद्धा कुणी विचारत नाही. लोक मला वायफायकाकू म्हणायला लागले, तीच माझी बढती.

तर स्पीड. स्पीडला मी कधी वाईट म्हणणार नाही, त्यावरच आमचा पगार निघायचा. पण धंदेवाल्याचा खरा प्रश्न तो नसतो. त्यानं विचारायला पाहिजे: माझ्याकडून जे जायचं ते नीट जाईल का? बंद पडलं तर माणूस किती वेळात येईल, आणि ते कागदावर लिहून देता का? माझी लाइन माझ्या एकट्याची, की गल्लीतली सगळी पोरं संध्याकाळी क्रिकेट बघायला बसली की माझं दुकान रांगायला लागणार? आणि सगळ्यात शेवटचा, मला सगळ्यात आवडणारा प्रश्न: तार येते कुठनं? हा प्रश्न मला अख्ख्या नोकरीत आपणहून कुणी विचारला नाही. मीच विचारायचे, मीच उत्तर द्यायचे आणि समोरचा माणूस तोवर घड्याळ बघायला लागायचा.

रहिमतपूरच्या दीपालीनंही पहिल्या भेटीत स्पीडच विचारला होता. साताऱ्याला बचतगटांचं प्रदर्शन होतं, तिथं आमचा स्टॉल होता. पापड-कुरडयांच्या मधोमध आमचा वायफायचा डबा मांडलेला. ही पोरगी सरळ येऊन उभी राहिली. "काकू, सगळ्यात फास्ट कुठलं ते द्या. माझं नशीब त्याच्यावर हाय." मी म्हटलं, "बाई, नशिबाची गॅरंटी कंपनी देत नाही, आधी बस आणि काय काम आहे ते सांग."

काम ऐकलं आणि मी स्टॉल सोडून तिच्याशेजारीच बसले. दीपाली पुण्यात एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करत होती. आई गेली, वडील एकटे पडले म्हणून गावी परत आली. वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. गावात बघते तर तिच्याबरोबरच्या, तिच्यापेक्षा लहान, शिकलेल्या पोरी घरात बसलेल्या. त्यांच्यापुढे दोनच रस्ते, पुणं नाहीतर लग्न. हिनं डोकं चालवलं. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याला पेशंटचे फोन घ्यायला माणसं हवी होती. फोन पुण्याच्या नंबरवर यायचा, पण इंटरनेटवरून तो रहिमतपुरात उचलायचा. "नमस्कार, कुठल्या डॉक्टरांची वेळ हवीय?" असं गोड बोलायचं. पेशंटला कळतसुद्धा नाही की बाई कृष्णेच्या खोऱ्यातून बोलतेय. दवाखान्यानं तिला सांगितलं होतं, दिवाळीनंतर सुरू करा, संक्रांतीपर्यंत बघू. फोन मधेच पडले नाहीत तर काम तुमचं. पडायला लागले तर काम परत पुण्याला. म्हणजे दीपालीही परत पुण्याला आणि तिनं गोळा केलेल्या पोरी परत आपापल्या चुलीपाशी. एवढं सगळं त्या एका तारेवर होतं.

मी म्हटलं, "बघायला येते. जागा बघितल्याशिवाय मी सांगत नाही." 

हे जागा बघणं म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन गोष्टी सांगते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची एक जुनी पेढी. नाव लिहीत नाही, शेठ दिवाळी अंक वाचतात. दसरा झाला आणि त्यांचा फोन, "आवं काकू, तुमचं नेट मेलं! मोठ्या स्पीडचं द्या, हे पुरंना झालंय." मी गेले. खंडेनवमीला तराजू, कॉम्प्युटर, गोदामातली मशीन, सगळ्यांची पूजा झालेली. आणि आमचा डबा? त्याला तर शेठनी स्वतः पुजलेला. वरच्या फटींतून हळद, कुंकू, अक्षता, सगळं आत. आणि हळदही साधीसुधी नव्हे, एक नंबर राजापुरी. वर पाण्याचे थेंब शिंपडलेले. मी डबा उलटा केला, तर टेबलावर कोयरी सांडल्यासारखा ढीग पडला.

"शेठ, अहो नाकातोंडात एवढी हळद गेल्यावर माणूस जगेल का?"

"मग पूजा करायची न्हाई व्हय? ह्येच्यावरच सगळा धंदा चाललाय आमचा."

पूजा करण्याइतकं महत्त्व आमच्या डब्याला दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं, मला खरं तर भरून आलं होतं. मी म्हटलं, "करा, पण वर प्लॅस्टिकची पिशवी घालून करा, देवाला चालतं." दरवर्षी आता पिशवीवर पूजा होते. मोठा स्पीड काही मी त्यांना विकला नाही, डबा तेवढा बदलला आणि उंचावर फळीवर ठेवला. निम्म्या तक्रारींवर औषध म्हणजे कोरडं फडकं, ही आमच्या धंद्यातली उघड गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते.

दुसरी गोष्ट कोयनानगरची, आणि ही आठवली की अजून जिवाला लागतं. तिथं बाबूराव म्हणून एक लॉजवाले होते. धरण बघायला येणाऱ्या माणसांना चार खोल्या आणि झुणका-भाकर. तिथल्या माणसाला जमीन हलण्याचं काही वाटत नाही. मी बसलेली असताना एकदा कपबशी खुळखुळली, मी उठून दाराकडे पळाले, बाबूराव बशी धरून हसत म्हणाले, "बसा काकू, रोजचंच हाय." पण खोल्यांचं बुकिंग आता मोबाइलवर होतं आणि त्यांचं इंटरनेट पावसाळ्यात पार झोपायचं. कुणीतरी त्यांना छतावर थाळी बसवून दिली होती. डोंगरावरचा टॉवर आणि छतावरची थाळी एकमेकांना दिसली की हवेतून इंटरनेट येतं, असा तो प्रकार. ज्यानं बसवली तो मे महिन्यात येऊन गेलेला. मे महिन्यात समोरचा साग उघडाबोडका असतो, टॉवर त्याच्यातून लख्ख दिसतो. पाऊस पडला की सागाला परातीएवढी पानं फुटतात, मग कसला टॉवर आणि कसलं काय. झाड सरकारी, तोडायचा प्रश्नच नाही.

मी त्यांना खरं ते सांगितलं, "बाबूराव, इथं जमिनीतून तार येईपर्यंत थांबा. आमचंही घेऊ नका, उगा फसाल." साहेबांनी माझी हजेरी घेतली. तार यायला वेळ लागला. घाटात दरड कोसळायची आणि पुरलेली तार उखडून यायची, पुन्हा पुरा, पुन्हा उखडा. शेवटी तार कोयनानगरला पोचली आणि मी हौसेनं पहिला फोन बाबूरावांना केला, तर ते मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले. लॉजला कुलूप. "लय उशीर केला गं बाई तुमच्या तारंनं," एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

तेव्हापासून मी एक नियम केला. जागा बघायची ती तिच्या वाईट महिन्यात. आणि त्या महिन्यात जायला जमलं नाही तर चहावाल्याला, वायरमनला, शेजारच्या म्हातारीला विचारायचं, की इथं वाईट कधी असतं? आणि लाइन बघायची ती चालत. ग्राहकाच्या टेबलापासून निघायचं आणि तार जाईल तिकडं खांबामागून खांब चालत जायचं. लोक हसतात. एकदा एका बाईनं "काय हरवलंय का वो?" म्हणून विचारलं आणि माझ्याबरोबर वर बघत बघत स्टँडपर्यंत आली.

तर रहिमतपूर. मी गेले ते ऐन गणपतीत. सुभेदारांचं घर मोठ्या रस्त्याला लागून, वरच्या मजल्यावर दीपालीनं टेबलं मांडलेली, पोरींचं बोलण्याचं शिक्षण चाललेलं. तिकडं कोमल नावाची एक काटकुळी पोरगी भिंतीकडं तोंड करून, "काका, आपण काळजी करू नका, डॉक्टर आहेत ना," असं इतक्या मायेनं म्हणत होती की मला वाटलं आपणच आजारी पडावं.

आणि दीपालीनं मला अभिमानानं दाखवलं काय, तर दोन डबे. एक पांढरा, एक काळा. दोन कंपन्यांचे, दोन्ही आधीच घेऊन बसवलेले. "काकू, तुम्ही सांगायच्या आधीच मी सोय केलीय. एक बंद पडलं तर दुसरं. आबांनीच ठरवलं."

आबा म्हणजे सुभेदार. मिशी, बनियन, हातात काठी. "म्याडम, मी फौजेत तारांचंच काम केलंय. बर्फात गुडघाभर रुतून तार वढलीय. एक लाइन मेली तर दुसरी पायजे, ह्ये आमाला पहिल्या दिवशी शिकवत्यात."

"बरोबर शिकवतात सुभेदार. पण तार येते कुठनं?"

"कंपनीतनं!"

मी खाली उतरले आणि चालायला लागले. सुभेदार काठी टेकत मागून. दोन्ही तारा घरातून निघाल्या, पहिल्या खांबावर एकत्र आल्या आणि पुढं कोपऱ्यापर्यंत एकमेकींच्या गळ्यात गळा घालून गेल्या. दोन कंपन्या, पण खांब तेच. आणि कोपऱ्यावर दोन्ही एकत्रच रस्ता ओलांडत होत्या, मधे चांगल्या झोळ पडलेल्या. खाली चहाची टपरी. मी चहावाल्याला विचारलं, "भाऊ, इथं वाईट महिने कुठले?" तो म्हणाला, "कारखान्याचं धुराडं पेटलं की. सगळा ऊस ह्या वळणावरनं जातो."

मी सुभेदारांना सांगितलं, "या दोन तारा नाहीत, एकच आहे. डबे दोन आहेत." उसाची ट्रॉली कधी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ट्रॅक्टरला मागे एक सोडून दोन ट्रॉल्या, ऊस रचलेला गाडीच्या दुप्पट उंच, वर मोळ्यांची टोकं सुटलेली, आणि ड्रायव्हरच्या डेकवर गाणं इतकं मोठ्यानं की मागं काय ओढलं, तोडलं, पाडलं हे त्याला पुढच्या गावी कळतं. म्हटलं, "मागच्या अंगानं, ओढ्याकडच्या जुन्या रस्त्यावरून आमच्या कंपनीची मोठी लाइन गेलीय. एक तार तिकडून घ्या. यातली एक सोडून द्या."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी तुमच्या कंपनीची घ्या. व्हय ना?"

इथं माझा पारा चढला. आमच्या धंद्याचं हे रडगाणं आहे. विकणाऱ्या माणसानं खरं सांगितलं तरी ते विकण्यासाठीच सांगितलंय, असं धरून चालतात. मी म्हटलं, "बरं, माझी घेऊ नका. पण मागून घ्या. कुणाचीही घ्या!" 

"कंपन्या दोन हायती म्याडम. बघू." विषय संपला. दीपाली वडलांच्या पुढं बोलली नाही. मला जीपपर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "काकू, नंबर राहू दे हं तुमचा."

दिवाळीनंतर धुराडं पेटलं. दीपालीचंही काम सुरू झालं, पोरी तरबेज झाल्या, दवाखाना खूश. आणि एका सकाळी माझा फोन वाजला. "काकू, मेलं. दोन्ही मेलं." मागून पोरींचा कालवा ऐकू येत होता. ट्रॉलीच्या मोळीत दोन्ही तारा अडकल्या आणि ड्रायव्हर त्या पार पुढच्या चौकापर्यंत घेऊन गेला होता. पोरींनी आपापल्या मोबाइलवरून काम रेटायचा प्रयत्न केला, पण अख्ख्या वस्तीला एक टॉवर. कोमलचा आवाज एवढा तुटत होता की पलीकडच्या म्हाताऱ्याला वाटलं, ही आपली नक्कल करतेय. तो भडकला आणि त्यानं तक्रार केली. दुपारी पुण्याहून निरोप आला: एकदा झालं, समजू शकतो. पुन्हा झालं तर आम्हाला काम परत घ्यावं लागेल.

मी पोचले तेव्हा सुभेदार घरात नव्हते. वळणावर उभे होते. फौजेतली शिट्टी तोंडात, काठीला लाल फडकं, आणि येईल ती ट्रॉली अडवून मोळ्या खाली दाबायला लावत होते. रांग लागलेली, ड्रायव्हर शिव्या देत होते. मला बघून शिट्टी काढली. "म्याडम, बोला. कुठनं वढायची तार?" एवढ्या एका वाक्यात माफी, हार, सगळं आलं, मीही मग जास्त ताणलं नाही.

पण मागची बाजू सोपी नव्हती. घर आणि जुना रस्ता यांच्या मधे दोन भावांची वावरं. थोरले तात्या, धाकटे आण्णा. बाप गेल्यावर बांधावरून वाजलं आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. एवढ्या लांब तार झोपाळ्यासारखी सोडता येत नाही, मधे एक खांब लागतो. म्हटलं, खांब म्हणजे काय मोठं, बांधावर रोवू, कुणाचंच पीक मोडायला नको.

तात्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बांधावर न्हाई. आज खांब रवला की उद्या त्योच हद्दीचा खांब म्हनत्याल. ती हद्द आमाला मान्य न्हाई."

"मग तुमच्या वावरात?"

"नांगराला आडवा येतोय. त्येच्यात रवा."

आण्णांकडं गेले. आण्णांनी शब्द न शब्द तेच सांगितलं, फक्त बोट दुसऱ्या दिशेला. मी म्हटलं, "आवं आण्णा, तिथं तात्यांची नात कामाला आहे, कोमल. तुमचीही नातच की ती."

"पोरगी गुणाची हाय. तिला आमचं कायच न्हाई. पन बांधावर खांब न्हाई."

दोन दिवस मी या वावरातून त्या वावरात. सुभेदार समजावून आले, दीपाली पेढे घेऊन गेली, पेढे दोन्हीकडं खाल्ले गेले आणि खांब जिथल्या तिथं. तिकडं वळणावर तुटलेल्या तारा पुन्हा जोडल्या होत्या, त्याच झोळासकट, आणि ट्रॉल्यांची रीघ. आता मला खरं सांगू का, भीती वाटायला लागली. बाबूरावांच्या लॉजचं कुलूप डोळ्यांपुढं यायला लागलं. तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागले, तशी मी चिडून मधल्या विहिरीच्या काठावर फतकल मारून बसले. मनात म्हटलं, मरू दे तार, मरू दे खांब, भावाभावांनी बसा भांडत.

बसले होते तेवढ्यात तात्या आले. माझ्याकडं बघितलं नाही. विहिरीवरच्या खोलीत गेले, आपली मोटार बंद केली आणि निघून गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच पलीकडून आण्णा आले आणि त्यांनी आपली मोटार सुरू केली. एक शब्द नाही, नजरानजर नाही. पाणी या पाटातून त्या पाटात गेलं.

"आण्णा, हे काय हो?"

"पाळी. त्येची झाली, आता माजी."

"भांडण नाही होत यावरून?"

आण्णांना माझा प्रश्नच अडाणी वाटला. "हिरीवरनं कशाला भांडान हुईल? हीर बापानं खणलीय. दोघांची हाय. पाळी म्हंजी पाळी."

मी उठून उभी राहिले. गुडघ्यांनी आरडाओरडा केला तरी राहिले. "आण्णा, खांब इथं विहिरीपाशी रोवला तर?"

आण्णांनी पाटातलं एक ढेकूळ पायानं बाजूला सारलं. हद्दीचा प्रश्न नाही, नांगराचा नाही. म्हणाले, "हिरीवर न्हाई म्हनायचा मला एकट्याला हक्क न्हाई." मी तशीच तात्यांच्या मागं पळाले. तात्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हिरीवरचं असंल तर मी एकटा कसा न्हाई म्हनू?" इतक्या वर्षांनी दोघं पहिल्यांदा एकाच बाजूनं बोलले होते आणि ते ऐकणारी मी एकटी.

दुसऱ्या दिवशी खांब उभा राहिला. आमची पोरं तार ओढायला आली तर सुभेदारांनी त्यांना बाजूला सारलं. "गाठ अशी न्हाई मारत गड्या," म्हणून स्वतः शिडीवर चढले आणि फौजेतली गाठ मारून दाखवली. मी खालून ओरडत होते, "उतरा सुभेदार, पडाल!" ते वरून म्हणाले, "म्याडम, इथं बर्फ न्हाई." दीपालीच्या टेबलापाशी आम्ही आणखी एक छोटा डबा ठेवला. त्याचं काम एवढंच की रस्त्याकडच्या तारा मेल्या की सगळं आपोआप विहिरीकडच्या तारेवर टाकायचं. "चालेल का?" दीपालीनं विचारलं. मी होय म्हणाले, पण खरी परीक्षा ट्रॉलीच घेणार, हे मला ठाऊक होतं.

संक्रांत जवळ आली होती. माझे नोकरीचे शेवटचे दिवस चाललेले. निरोप घ्यायला म्हणून मी रहिमतपूरला गेले. दीपालीनं जिन्याखाली खुर्ची टाकून चहा दिला. सुभेदार जेवायला बसलेले, म्हणजे वळणावर शिट्टी नाही. वर पोरी बोलत होत्या, सगळ्या एकदम, शाळा सुटल्यासारखा आवाज. आणि वळणावरून गाणं वाजवत एक ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, मोळ्या आभाळाला टेकलेल्या. ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर आण्णा. त्यांचाच ऊस निघाला होता.

मी उठून हात वर केला, "आण्णाऽ, थांबाऽ!" गाण्यात कसलं ऐकू येतंय. वरच्या मोळीनं झोळात मान घातली, तारा ताणल्या, आणि फाटकन तुटून रस्त्यावर आल्या. दोन्ही.

वरचा सगळा आवाज बंद झाला. एकदम. 

ट्रॅक्टर थांबला. आण्णा खाली उतरले, रस्त्यात पडलेली तार बघितली आणि दोन्ही हात डोक्याला लावून तिथंच खाली बसले. "मेलो! पोरींचं काम बुडवलं की रं मी! माज्याच उसानं!" दीपाली जिन्यात दगडासारखी उभी. 

मग वरून कोमलचा आवाज आला. "हॅलो? हॅलो... हां, येतोय का आवाज? सॉरी हं काका, जरा आवाज गेला होता. तर उद्या सकाळची वेळ देऊ ना?" तिच्यामागून दुसरी, तिसरी, आणि बघता बघता वर पुन्हा शाळा सुटली.

दीपाली मटकन पायरीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडले, का खोटं बोलू. आण्णा मात्र अजून डोक्याला हात लावून वर बघत होते. "ह्ये... चाललंय कसं? तार तर हितं पडलीय."

"आण्णा, ते तुमच्या विहिरीवरून चाललंय."

आण्णांनी घरामागं बघितलं. लांब विहिरीपाशी खांब दिसत होता. ते उठले, धोतर झटकलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जा रं, थोरल्याला जाऊन सांग. म्हनावं, हिरीवरची तार टिकली."

निरोप पोचायच्या आधीच तात्या आले, आरडाओरडा ऐकून. रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले. सुटलेल्या मोळ्या बघितल्या, तुटलेल्या तारा बघितल्या, वरचा नातीचा आवाज ऐकला. सगळं कळल्यावर माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "म्याडम, त्येला सांगा, मोळ्या आवळून बांधत जा म्हनावं."

आण्णाही माझ्याकडंच बघून म्हणाले, "म्याडम, त्येला म्हनावं, घाई झाली, फड उरकायचा व्हता."

दोघं माझ्या दोन्ही बाजूंना, मी मधे, हातात तुटलेली तार. मी म्हटलं, "मी काही सांगायची नाही. मी या महिन्यात रिटायर होतेय. तुमचं तुम्ही बोला."

 वर फोन वाजत होते, पोरी उचलत होत्या. तात्या रस्ता ओलांडून अलीकडं आले, ट्रॉलीची सुटलेली दोरी हातात घेतली आणि म्हणाले, "त्या अंगानं धर की रं. दोघं मिळून आवळू."